पंधरा वर्षांचा आरोपी आणि प्रौढांचं न्यायालय: ऑक्सफर्ड शाळेतील गोळीबाराचं प्रकरण

शाळेत गोळीबार करणारा हल्लेखोर जिवंत हाती लागला आणि तो अल्पवयीन निघाला, की अमेरिकेत लगेच विचारलं जातं: याच्यावर सज्ञान समजून खटला चालवायचा का? या विचारण्यात दोन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात. एक, खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा. दुसरा, दोषी ठरल्यावर त्या मुलाला किती वर्षं आणि कोणत्या अटींवर कोंडून ठेवायचं. मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावच्या प्रकरणात पहिल्याचं उत्तर घटनेच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं. दुसऱ्याला दोन वर्षं लागली. मात्र पहिल्या उत्तराने दुसऱ्या प्रश्नातले बरेच पर्याय तेव्हाच बंद झाले होते. हे प्रकरण सविस्तर मांडायचं मुख्य कारण तेच आहे.

प्रकरण जगजाहीर असलं, तरी इथे मुलाचं, त्याच्या आईवडिलांचं, मृत विद्यार्थ्यांचं किंवा शाळेतल्या कोणाचंही नाव घेतलेलं नाही. कोणता निर्णय कोणी, केव्हा आणि काय माहीत असताना घेतला, हे समजायला त्या नावांची गरज पडत नाही.

पार्श्वभूमी

ऑक्सफर्ड हे डेट्रॉईटच्या उत्तरेला, ओकलंड काउंटीतलं छोटं गाव. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, मंगळवारी दुपारी पाऊण वाजून गेल्यावर, तिथल्या हायस्कूलमधला दहावीचा एक विद्यार्थी स्वच्छतागृहातून ९ मिलीमीटरचं पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि त्याने गोळ्या झाडायला सुरुवात केली. चार विद्यार्थी गेले. सर्वांत लहान १४ वर्षांची, एक १६ वर्षांचा, दोघं १७ वर्षांची. सहा विद्यार्थी आणि एक शिक्षिका जखमी झाली. पोलीस समोर येताच मुलाने शरणागती पत्करली. त्याचं वय तेव्हा पंधरा वर्षं सात महिने होतं.

त्याआधीचे चार दिवस नीट पाहायला हवेत, कारण पुढच्या प्रत्येक सुनावणीत तेच चार दिवस पुन्हा पुन्हा आले.

शुक्रवारी, २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगनंतरच्या मोठ्या खरेदीच्या दिवशी, वडिलांनी मुलाला सोबत नेऊन ते पिस्तूल विकत घेतलं. मुलाने त्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. शनिवारी आई त्याला नेमबाजीच्या सरावाला घेऊन गेली. सोमवारी वर्गात तो फोनवर काडतुसं शोधताना एका शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला निरोप ठेवला. आईने शाळेला उत्तर दिलं नाही. मुलाला मात्र तिने मेसेज केला की मी रागावलेले नाही, पकडलं न जाणं तुला शिकायला हवं.

मंगळवारी सकाळी गणिताच्या सरावाच्या कागदावर त्याने पिस्तूल, गोळी आणि रक्तबंबाळ माणूस काढला होता. शेजारी लिहिलं होतं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शिक्षिकेने कागदाचा फोटो काढून वरिष्ठांना कळवलं. समुपदेशकाने मुलाला बोलावलं, आईवडिलांना कामावरून बोलावून घेतलं. बैठक जेमतेम दहा-बारा मिनिटं चालली. दोन दिवसांत मानसोपचाराची सोय करा, असं समुपदेशकाने सांगितलं. आईवडिलांनी मुलाला त्या दिवशी घरी न्यायला नकार दिला. पिस्तूल घेतल्याचं दोघांपैकी कोणी बोललं नाही. मुलाचं दप्तर कोणी उघडून पाहिलं नाही. तो वर्गात परत गेला. पिस्तूल दप्तरातच होतं.

नंतर त्याची वही सापडली. शाळेत हत्याकांड घडवण्याचा बेत तिच्यात पानोपानी लिहिलेला होता. मला मदत मिळत नाही, आईवडील माझं ऐकत नाहीत, हेही त्याच वहीत होतं. एकाच वहीतल्या या दोन मजकुरांपैकी कोणत्या मजकुराला जास्त वजन द्यायचं, यावर पुढची दोन वर्षं वाद चालला.

समस्या

चार मुलं मेली होती आणि हल्ला ठरवून केलेला होता. वयामुळे ही गोष्ट हलकी होत नाही, आणि तसं सुचवणाऱ्या कोणाशीही मी सहमत होऊ शकत नाही. मृतांच्या घरच्यांना न्याय हवा होता आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

दुसरीकडे, पंधराव्या वर्षी माणसाची घडण अजून चालू असते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २००५ मध्ये रोपर विरुद्ध सिमन्स या खटल्यात अल्पवयीनांची फाशी रद्द झाली. २०१० मध्ये ग्रॅहम विरुद्ध फ्लोरिडा या निकालाने, खून नसलेल्या गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना पॅरोलशिवाय, म्हणजे मुदतीआधी सुटकेची शक्यताच नसलेली, जन्मठेप देता येणार नाही, असं ठरलं. २०१२ च्या मिलर विरुद्ध अलाबामा निकालाने खुनाच्या गुन्ह्यातही ती शिक्षा आपोआप देण्याला बंदी घातली. न्यायाधीशाने आधी वय, घरची परिस्थिती, गुन्ह्यातला सहभाग, आणि सुधारण्याची शक्यता तपासली पाहिजे. २०२१ मध्ये, ऑक्सफर्डच्या घटनेआधी काही महिने, जोन्स विरुद्ध मिसिसिपी खटल्यात याच न्यायालयाने थोडी माघार घेतली. मुलगा सुधारण्यापलीकडे गेला आहे असा वेगळा निष्कर्ष नोंदवण्याची गरज नाही, असं त्यात म्हटलं.

मिशिगनचा स्वतःचा इतिहासही गुंतागुंतीचा आहे. खुनासाठीची फाशी या राज्याने १८४६ मध्येच रद्द केली. तरी मिलरच्या निकालाच्या वेळी अल्पवयात गुन्हा करून पॅरोलशिवाय जन्मठेप भोगणारे साडेतीनशेच्या आसपास कैदी याच राज्याच्या तुरुंगांत होते. सतरा वर्षांच्या प्रत्येक आरोपीला आपोआप प्रौढ मानण्याची पद्धत राज्याने १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद केली. त्यानंतर दोनच महिन्यांत ऑक्सफर्ड घडलं.

कोणते पर्याय होते

मिशिगनच्या कायद्यात अशा मुलासाठी तीन वाटा होत्या.

पहिली वाट सर्वांत जलद. चौदा ते सतरा वयाच्या मुलावर खुनासारखा ठरावीक गंभीर गुन्हा असेल, तर सरकारी वकील थेट प्रौढांच्या न्यायालयात आरोप दाखल करू शकतात. त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, मुलाची तपासणी लागत नाही. या वाटेने गेलेला मुलगा पहिल्या दर्जाच्या, म्हणजे मुख्यतः ठरवून केलेल्या, खुनात दोषी ठरला, तर त्याला प्रौढाचीच शिक्षा द्यावी लागते. बालन्यायालयात परतायचा रस्ता उरत नाही.

दुसरी वाट जुनी. प्रकरण बालन्यायालयात सुरू होतं, आणि ते प्रौढांच्या न्यायालयाकडे पाठवायचं की नाही, हे न्यायाधीश सुनावणी घेऊन ठरवतात. मुलाचा पूर्वेतिहास, समज, उपचारांना मिळणारा प्रतिसाद, गुन्ह्याचं गांभीर्य, सगळं त्या सुनावणीत तपासलं जातं.

तिसऱ्या वाटेवर फारसं कोणी बोललं नाही. खटला कौटुंबिक न्यायालयातच, पण प्रौढांच्या खटल्याच्या रीतीने, ज्युरीसह चालतो. दोषी ठरल्यावर न्यायाधीशांपुढे तीन पर्याय असतात: बालकाची शिक्षा, प्रौढाची शिक्षा, किंवा प्रौढाची शिक्षा राखून ठेवून आधी बालसुधारणेची संधी आणि मग फेरविचार.

ही तिसरी वाट याच ओकलंड काउंटीत, ऑक्सफर्डच्या बावीस वर्षं आधी, देशभर गाजली होती. १९९७ मध्ये पाँटियाक शहरात अकरा वर्षांच्या एका मुलाने रायफलने एका अठरा वर्षांच्या तरुणाला मारलं. ज्युरीने त्याला दुसऱ्या दर्जाच्या खुनात दोषी धरलं. जानेवारी २००० मध्ये न्यायाधीशांनी त्याला बालक म्हणूनच शिक्षा दिली, एकविसाव्या वर्षापर्यंतची. राखीव शिक्षेचा मधला पर्यायही त्यांनी नाकारला. २००७ मध्ये तो सुटला आणि पुढच्याच वर्षी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पुन्हा पकडला गेला. ज्यांना बालन्यायालयावर विश्वास नाही त्यांच्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा होता. मला त्यातून वेगळं दिसतं: राखीव शिक्षा ठेवली असती, तर एकविसाव्या वर्षी न्यायालयाच्या हातात काहीतरी उरलं असतं.

सरकारी वकिलांच्या मनात याहून मोठी भीती जोन्सबरोची असणार, असा माझा अंदाज आहे. २४ मार्च १९९८ रोजी आर्कान्सॉ राज्यातल्या जोन्सबरोजवळच्या शाळेत तेरा आणि अकरा वर्षांच्या दोन मुलांनी चार विद्यार्थिनी आणि एका शिक्षिकेला मारलं. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात इतक्या लहान मुलांवर प्रौढ म्हणून खटला चालवायची सोयच नव्हती. दोघंही एकवीस वर्षांचे झाल्यावर, २००५ आणि २००७ मध्ये, सुटले. पाच जणांच्या खुनासाठी सात ते नऊ वर्षं. गावाला ते पचवता आलं नाही, आणि राज्याने कायदा बदलला.

बालन्यायालयाची हद्द एकविसाव्या वर्षी संपते. पंधराव्या वर्षी चार खून केलेल्या मुलासाठी जेमतेम साडेपाच वर्षं उरत होती. जो सरकारी वकील ते स्वीकारेल तो लोकांना तोंड दाखवू शकणार नाही, हे उघड आहे.

काय केलं गेलं

१ डिसेंबर २०२१ रोजी, घटनेच्या दुसऱ्या दिवशी, ओकलंड काउंटीच्या सरकारी वकिलांनी पहिली वाट धरली. एकूण २४ आरोप ठेवले गेले: मृत्यूला कारण ठरलेल्या दहशतवादाचा एक, पहिल्या दर्जाच्या खुनाचे चार, खुनाच्या उद्देशाने हल्ल्याचे सात आणि गुन्ह्यात बंदूक बाळगल्याचे बारा. दहशतवादाचा आरोप लावण्यामागे विचार होता. गोळी न लागलेली, पण टेबलांखाली लपलेली, दाराला बाकं लावून बसलेली शेकडो मुलंही या गुन्ह्याची बळी आहेत, हे त्यातून नोंदवायचं होतं. हा विचार मला पटतो.

मुलाला काउंटीच्या प्रौढांच्या तुरुंगात, प्रौढ कैद्यांपासून वेगळं ठेवलं. मुलाच्या वकिलांनी त्याला बालकांच्या केंद्रात हलवण्याची मागणी केली. मार्च २०२२ मध्ये ती फेटाळली गेली. त्यानंतर त्याला कुठे ठेवायचं यावर नियमाप्रमाणे दर महिन्याला सुनावणी होत राहिली आणि दर महिन्याला उत्तर तेच राहिलं.

बचाव पक्षाने आधी वेडाच्या भरात गुन्हा घडल्याचा बचाव घेणार असल्याची सूचना दिली होती. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी ती मागे पडली आणि मुलाने सर्व २४ आरोप कबूल केले. शिक्षेबाबत कुठलीही तडजोड झाली नव्हती. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. एका अर्थी त्यामुळे कुटुंबांची खटल्याच्या लांबलचक साक्षींतून सुटका झाली. पण सोळाव्या वर्षी, बदल्यात काहीही न मिळता, आयुष्यभराच्या कैदेची शक्यता मान्य करणं या मुलाला किती उमगलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

शिक्षेची सुनावणी

कबुलीनंतर एकच गोष्ट ठरायची होती. किमान मुदत २५ ते ४० वर्षं आणि कमाल मुदत निदान ६० वर्षं अशी मुदतीची शिक्षा, की पॅरोलशिवाय जन्मठेप. २०२२ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं की अल्पवयीनांच्या बाबतीत मुदतीची शिक्षा हाच नियम समजावा. जन्मठेप हवी असेल तर ती का योग्य आहे हे सरकारी पक्षाने ठोस पुराव्यांनी सिद्ध करावं.

जुलै आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ही सुनावणी झाली. या मुलाबद्दल कोणी सविस्तर, दोन्ही बाजू ऐकून, विचार केल्याची ही पहिली वेळ. घटनेला वीस महिने होत आले होते.

सरकारी पक्षाने वहीतली पानं वाचली, आदल्या रात्रीचा व्हिडिओ मांडला, पक्ष्याच्या पिल्लाचे हाल केल्याचा पुरावा आणला. तुरुंगातल्या टॅबलेटवरही तो हिंसक व्हिडिओ शोधत होता, हे दाखवलं. शाळेतून जिवंत बाहेर पडलेल्यांनी साक्षी दिल्या. स्वच्छतागृहात सापडलेल्या दोन मुलांपैकी एकाला त्याने अगदी जवळून मारलं. दुसरा पळून वाचला आणि त्याने न्यायालयात येऊन ते सांगितलं. ही साक्ष वाचल्यावर वयाचा मुद्दा मांडणाऱ्यालाही काही वेळ बोलवत नाही.

बचावाकडून पौगंडावस्थेतल्या मेंदूचा अभ्यास करणारे प्राध्यापक आले. त्यांनी सांगितलं की या वयात तर्क करण्याची क्षमता प्रौढांच्या जवळपास आलेली असते, पण भावनेच्या भरात स्वतःला थांबवण्याची क्षमता खूप मागे असते. बचावाच्या मानसशास्त्रज्ञांनी घरात एकटा टाकलेला, मद्य आणि भांडणं पाहत वाढलेला मुलगा उभा केला. घरात भुतं दिसतात, असे मेसेज त्याने घटनेच्याच वर्षी आईला पाठवले होते, हेही पुढे आलं.

२९ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायाधीशांनी निष्कर्ष सांगितला. हा गुन्हा क्षणिक आवेगातला नव्हता. आखणी होती, प्रसिद्धीची इच्छा होती, मध्ये थांबण्याच्या संधी होत्या आणि त्या त्याने घेतल्या नाहीत. घरच्या परिस्थितीला त्यांनी शिक्षा कमी करण्याइतकं वजन दिलं नाही. सुधारण्याची शक्यता त्यांना फार थोडी वाटली.

८ डिसेंबर २०२३ रोजी मृतांच्या घरच्यांनी आणि जखमींनी तासन्‌तास आपलं म्हणणं मांडलं. मुलाने उठून माफी मागितली. ही माणसं जी शिक्षा मागतील तीच मला द्या, असं तो म्हणाला. न्यायाधीशांनी पॅरोलशिवाय जन्मठेप सुनावली. तो सतरा वर्षांचा होता.

आईवडिलांचा खटला

याच सरकारी वकिलांनी ३ डिसेंबर २०२१ रोजी आईवडिलांवर निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाचे प्रत्येकी चार आरोप ठेवले होते. दोघं दुसऱ्या दिवशी पहाटे डेट्रॉईटमधल्या एका इमारतीत सापडले. स्वतंत्र खटल्यांत, ६ फेब्रुवारी २०२४ ला आई आणि १४ मार्चला वडील दोषी ठरले. ९ एप्रिलला दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना मनुष्यवधात दोषी धरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

एका न्यायदालनात सरकारने सांगितलं की हा मुलगा आपल्या कृतीचा पूर्ण धनी आहे, त्याला प्रौढासारखीच शिक्षा हवी. काही आठवड्यांनी, दुसऱ्या न्यायदालनात, त्याच सरकारने सांगितलं की हे मूल होतं, त्याच्यावर लक्ष ठेवणं, त्याला उपचार देणं आणि त्याच्यापासून पिस्तूल दूर ठेवणं ही आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी होती. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. एका मृत्यूला एकाहून जास्त माणसं कारण असू शकतात, आणि आईवडिलांवरचा आरोप त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचा होता. पण त्यांच्या खटल्यात ज्युरीला जे महत्त्वाचं वाटलं, ते उपचारांविना सोडलेलं मूल आणि हातात दिलेलं पिस्तूल, त्याला मुलाच्या शिक्षेत वजन मिळालं नाही. आधी आईवडिलांचे खटले पूर्ण झाले असते, तर न्यायाधीशांसमोरचं घराचं चित्र वेगळं असतं. निष्कर्ष बदललाच असता असं नाही, पण तो अधिक माहितीवर उभा राहिला असता.

शाळा आणि कायदा

शाळेतल्या कोणावरही फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. धोक्याचं मूल्यमापन करण्याची पद्धत शाळेच्या धोरणात कागदावर होती, पण त्या दिवशी ती वापरली गेली नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. राज्याने २०२३ मध्ये घरात मुलं असतील तर बंदूक कुलूपबंद ठेवणं सक्तीचं करणारा कायदा केला. तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला.

निर्णयाचे टप्पे: काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठा टप्पा ३० नोव्हेंबरच्या सकाळचा. दप्तर उघडलं असतं, किंवा आईवडिलांनी मुलाला गाडीत बसवून घरी नेलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. मदत मागणारं वाक्य आणि पिस्तुलाचं चित्र एकाच कागदावर होतं. त्या खोलीतल्या मोठ्या माणसांनी ते आत्महत्येच्या धोक्याचं लक्षण म्हणून वाचलं, इतरांना असलेल्या धोक्याचं म्हणून वाचलं नाही. शाळांमधल्या समुपदेशकांनी या प्रकरणातून एवढी एक गोष्ट घेतली तरी ती फार मोलाची आहे: मूल स्वतःला इजा करील अशी शंका असेल तेव्हाही शस्त्राची चौकशी त्याच बैठकीत, त्याच मिनिटाला झाली पाहिजे.

दुसरा टप्पा १ डिसेंबरचा. खटला प्रौढांच्या न्यायालयात जावा, याला माझा विरोध नाही. चार खून आणि एकविसाव्या वर्षी सुटका, यावर कोणताही समाज टिकणार नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही करू नये. माझा आक्षेप हा निर्णय कोणी आणि कधी घेतला याला आहे. लोकांचं दुःख सर्वांत ताजं असताना, निवडून आलेल्या सरकारी वकिलांनी, मुलाबद्दल फक्त गुन्हा माहीत असताना, एकट्याने तो घेतला. दुसऱ्या वाटेने न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली असती, तर निकाल बहुधा हाच लागला असता. पण मग मुलाची मानसिक तपासणी पहिल्या काही महिन्यांत, स्मृती ताज्या असताना झाली असती. बऱ्याच महिन्यांनी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ तुरुंगात राहून बदललेल्या मुलाला तपासत होते, ऑक्सफर्डच्या त्या मुलाला नव्हे. तिसऱ्या वाटेत प्रौढाची शिक्षाही शक्य होती आणि मधला मार्गही खुला होता. या वाटेचा गंभीर विचार कोणी केल्याचं दिसत नाही, आणि याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

तिसरा टप्पा शिक्षेचा, आणि माझं न्यायाधीशांशी खरं मतभेदाचं ठिकाण हे. गुन्हा आखलेला होता, म्हणून तो मुलाच्या वयाशी संबंधित नाही, हा तर्क मला पटत नाही. बचावाचे तज्ज्ञ हेच सांगत होते की आखणी करण्याइतकी बुद्धी पंधराव्या वर्षी असते. परिणामांचं ओझं पेलणारी समज नसते. प्रसिद्धीसाठी शाळेत गोळीबार करण्याची कल्पनाच पौगंडावस्थेतली आहे. आणि सतराव्या वर्षी सुधारण्याची शक्यता थोडी दिसते, यावरून तो पन्नासाव्या वर्षी कसा असेल हे ठरवणं कोणत्याही तज्ज्ञाच्या आवाक्यातलं नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात हाच मुलगा असता तर? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर आलेल्या बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या निर्घृण गुन्ह्यात, सज्ञान म्हणून खटला चालू शकतो. तोही बाल न्याय मंडळाने मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासल्यानंतर, आणि मग बालन्यायालयाने पुन्हा विचार केल्यानंतर. कायद्याचं कलम २१ फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप दोन्ही नाकारतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही हेच आहे. अमेरिकेने त्या करारावर सही केली, पण तो मंजूर केला नाही.

ऑक्सफर्डचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. भारतात तो या तपासणीपर्यंत पोचलाच नसता. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता आलं असतं. चार खुनांसाठी तीन वर्षं. हे उत्तरही मला मान्य नाही, आणि आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे असं म्हणताना हा आकडा सोयीस्कर रीतीने विसरता कामा नये.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे, कल्याणीनगरात, सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तो गुन्हा पूर्ण वेगळ्या जातीचा. पण त्यानंतरचे काही दिवस आठवतात? तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन, त्यावर उसळलेला राग, पाठोपाठ मुलाला सज्ञान समजण्याची पोलिसांची मागणी, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांची अटक. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या बाल न्याय मंडळाने ती मागणी फेटाळली. निर्णय आवडो न आवडो, तो वर्षभराने, दोन्ही बाजू ऐकून झाला. ऑक्सफर्डमध्ये तोच प्रश्न एका दिवसात मिटला होता.

फेरविचाराची जागा

ऑक्सफर्डसाठी मला योग्य वाटणारी शिक्षा म्हणजे कायद्यात असलेली दुसरी शिक्षा: किमान ४०, कमाल ६० वर्षं. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत तुरुंग निश्चित, आणि त्यानंतर पॅरोल मंडळापुढे एकदा तरी उभं राहण्याची संधी. कुटुंबांना दर काही वर्षांनी त्या मंडळापुढे जाऊन सगळं पुन्हा सांगावं लागेल, हा यावरचा सर्वांत जड आक्षेप आहे. तो खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही.

पण सुनावणी म्हणजे सुटका नव्हे. केंटकी राज्यात पडुकाजवळच्या शाळेत १ डिसेंबर १९९७ रोजी चौदा वर्षांच्या मुलाने तीन विद्यार्थिनींना मारलं होतं. त्याला जन्मठेप झाली, पण पंचवीस वर्षांनी पॅरोलचा विचार होईल अशी अट होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो विचार झाला. तो आता एकोणचाळीस वर्षांचा होता. डोक्यात आवाज अजून येतात, हे त्याने मंडळापुढे कबूल केलं. वाचलेल्यांमध्येही एकमत नव्हतं. मंडळाने पॅरोल नाकारला आणि उरलेलं आयुष्य तुरुंगातच काढण्याचा आदेश दिला. तो निर्णय समोर बसलेल्या एकोणचाळीस वर्षांच्या माणसाकडे पाहून झाला. मिशिगनच्या तुरुंगातल्या मुलाची शिक्षा कायम असेपर्यंत, राज्यपालांचा दयेचा अधिकार सोडला तर, त्याच्याकडे असं पाहण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाला नाही.